एमएस्सी फिजिक्स ते हवामान संशोधन: परीक्षा, कागद आणि वाट पाहणं

२०२५ च्या फेब्रुवारीत माझी पीएचडीची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाली. मार्चमध्ये विद्यापीठाचं नोटिफिकेशन आलं आणि एप्रिलपासून मी पुण्यात प्रोजेक्ट सायंटिस्ट म्हणून रुजू झाले. विषय हवामानबदल, त्यातही सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचा मुसळधार पाऊस. ही बातमी शिवाजी विद्यापीठात आमच्या विभागात पोचल्यापासून तिथल्या मुलामुलींचे फोन येतात. फिजिक्स करून यात जाता येतं का, नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा कुठल्या विषयातून द्यायची, घरून पैसे न मागता निभावतं का. फोनवर अर्धंच सांगून होतं, म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवते.

मी करवीर तालुक्यातली. पप्पा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डर, आई दोन म्हशी आणि थोडा ऊस बघते. २०१५ मध्ये बीएस्सी झाल्यावर विद्यापीठात एमएस्सी फिजिक्सला प्रवेश घेतला. हवामानाचा अभ्यास करून पगार मिळतो हे तेव्हा आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मला ते कळलं एमएस्सीच्या प्रोजेक्टमुळे. विद्यापीठाच्या परिसरात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं एमएफ रडार आहे. ते आपल्या डोक्यावर ८०-९० किलोमीटर उंचीवरचे वारे मोजतं. त्या वाऱ्यांत एक हेलकावा दिवसाचा असतो आणि एक अर्ध्या दिवसाचा. समुद्राला भरती-ओहोटी येते तशीच ही वातावरणाची, फक्त ती प्रामुख्यानं सूर्याच्या तापवण्यामुळे येते. मला त्या नोंदींतून हे हेलकावे वेगळे काढायचे होते. नोंदी सलग नव्हत्या. कुठे तास गायब, कुठे अख्खा आठवडा. तो डेटा साफ करता करता पायथन शिकले. आज मागे बघते तेव्हा वाटतं, माझ्या कामाचा पाया तिथेच पडला. म्हणून एमएस्सीच्या मुलांना पहिलं सांगणं हेच, की प्रोजेक्ट असा निवडा ज्यात खरा, खराब डेटा हाताळावा लागेल.

२०१७ च्या उन्हाळ्यात एमएस्सी झाले. त्यानंतरचं दीड वर्ष सगळ्यांत जड गेलं. एका कॉलेजात सीएचबीवर शिकवत होते, म्हणजे तासावर पैसे, तेही तीन-चार महिन्यांनी एकदम. सकाळी कॉलेज, दुपारी विद्यापीठातलं खर्डेकर ग्रंथालय, संध्याकाळी दहावीची शिकवणी. सीएसआयआर नेटचा, म्हणजे विज्ञान विषयांच्या नेटचा, आधीचा निकाल लागला त्यात लेक्चररशिप, म्हणजे कॉलेजात शिकवायची पात्रता, मिळाली होती; जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठी दरमहा पैसे देणारी फेलोशिप, नाही. घरी ते समजावून सांगणं अवघड होतं. पास झाली म्हणजे झाली, मग नोकरी का नाही, असा पप्पांचा साधा प्रश्न. त्यांना रागवायचं नव्हतं, त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. मी मात्र त्या प्रश्नानंतर बराच वेळ माडीवर जाऊन बसत असे.

नेटबद्दल दोन-तीन गोष्टी. फिजिकल सायन्सेसच्या पेपरला २०० गुण आणि तीन तास. भाग अ सर्वांना सामाईक, ३० गुणांचा. भाग ब ७० चा. भाग क १०० चा, त्यातला प्रत्येक प्रश्न ५ गुणांचा. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक चतुर्थांश गुण कापतात. मी भाग अ आणि ब पक्के केले आणि भाग क मध्ये फक्त क्लासिकल, थर्मो आणि मॅथेमॅटिकल मेथड्सवर भर दिला. हवामानात जायचं असेल तर पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान असा स्वतंत्र पेपरही आहे, पण त्यात भूगर्भशास्त्राचा वाटा मोठा. फिजिक्सवाल्यांनी जुने दोन्ही पेपर घरी सोडवून बघावेत आणि मग ठरवावं. गेट ही दुसरी राष्ट्रीय परीक्षा देणार असाल तर अभियांत्रिकी विज्ञानाच्या एक्सई पेपरमध्ये वातावरण आणि महासागर विज्ञान हा विभाग आहे, तोही उपयोगी. माझ्या वेळी नेट कागदावर होत असे, आता संगणकावर असते. शिवाय २०२४ पासून निकालात तीन गट असतात: जेआरएफसह पात्र, सहायक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेशासाठी पात्र, आणि फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र. तिसऱ्या गटात आलात तरी दार बंद होत नाही, पण पीएचडी प्रवेशासाठीचे ते गुण एकच वर्ष चालतात. लगेच अर्ज करा.

जून २०१८ च्या परीक्षेत जेआरएफ मिळाली. निकाल यायला काही महिने गेले आणि त्या काळात मी कागद गोळा करायला घेतले. हे काम निकालाची वाट न बघता करायचं असतं. विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट, तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, दोन्ही पदव्यांच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, आरक्षणात असाल तर जात पडताळणी आणि नॉन-क्रिमिलेअर. एक नेमकी गोष्ट लक्षात ठेवा: केंद्र सरकारच्या संस्थांना ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं, राज्याचं चालत नाही. सेतू केंद्रात अर्ज देतानाच ‘केंद्राच्या नमुन्यात’ असं सांगा. माझ्या मैत्रिणीला मुलाखतीच्या आठवड्यात पुन्हा तहसीलला पळावं लागलं होतं. प्रत्येक कागदाची रंगीत स्कॅन प्रत एका फोल्डरमध्ये ठेवा. पुढची सहा वर्षं तोच फोल्डर उघडावा लागतो.

अर्ज कुठे करायचे, तर पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, सगळे तिला आयआयटीएम म्हणतात. ती १९६२ सालची, आपलं शिवाजी विद्यापीठही त्याच वर्षीचं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत वातावरण आणि महासागर विज्ञानाचं केंद्र आहे, आयआयटी मुंबईत हवामान अभ्यासाचं केंद्र आहे, आयआयटी दिल्लीतही वातावरण विज्ञानाचं केंद्र आहे. मी सगळीकडे अर्ज केले. घरापासूनचं अंतर हा विचार माझ्या मनात होता आणि तो मी लपवत नाही. कोल्हापूरहून रात्रीच्या गाडीत बसलं की पहाटे पुणं.

पाषाणच्या मुलाखतीत पहिला प्रश्न फळ्यावर होता: कोरडी हवा वर चढताना किती वेगानं थंड होते ते सिद्ध करा. उष्मागतिकीचा पहिला नियम आणि दाबाचं संतुलन मांडलं की गुरुत्व भागिले विशिष्ट उष्णता, म्हणजे किलोमीटरला साधारण ९.८ अंश येतात. हे जमलं. मग एका मॅडमनी विचारलं, तुमच्या जिल्ह्यातल्या पावसाबद्दल सांगा. मी म्हटलं, गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि शिरोळला जेमतेम पाच-सहाशे, दोन्ही एकाच जिल्ह्यात, मध्ये शंभरेक किलोमीटर. त्या पुढे झुकल्या आणि विचारलं, हवामानाच्या जागतिक संगणकीय मॉडेलमध्ये हे दिसेल का? मला उत्तर माहीत नव्हतं, तसं सांगितलं. त्यांनीच समजावलं, की अशा बऱ्याच मॉडेलांचा एक चौकोन शंभर किलोमीटरच्या आसपासचा असतो. गगनबावडा आणि शिरोळ दोन्ही त्याच एका चौकोनात येऊ शकतात, आणि सह्याद्री सपाट होऊन एक उतार तेवढा उरतो. पुढची सहा वर्षं मी जे केलं त्याचं बीज त्या पाच मिनिटांत आहे. मुलाखतीला जाताना आपल्या गावचा पाऊस, आपली नदी, आपली धरणं आकड्यांसकट माहीत असू द्या. हे ज्ञान पुस्तकात मिळत नाही आणि समोरच्यांना त्याची किंमत कळते.

जानेवारी २०१९ मध्ये पाषाणला रुजू झाले. त्याच महिन्यापासून देशभर जेआरएफ २५ हजारांवरून ३१ हजार झाली. त्यासाठी आधीच्या विद्यार्थ्यांनी आंदोलनं केली होती, त्यांचे आभार. ३१ हजार हा आकडा पप्पांच्या पगारापेक्षा जास्त होता. मी फोनवर सांगितला तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "शिकायला पैसे देत्यात?" पण पहिली रक्कम खात्यात यायला चार-पाच महिने गेले: रुजू झाल्याचा अहवाल, गाईडची सही, बँकेचा तपशील, मग वरची मंजुरी. ही साखळी जवळपास सगळ्यांच्याच वाट्याला येते. त्यामुळे निघताना निदान पन्नास हजार हाताशी ठेवा. माझी खोली तिघींत मिळून, माझा वाटा सहा हजार, डबा तीन हजार, पुन्हा डिपॉझिट वेगळं. तेवढे पैसे शिकवणीतून साठले होते म्हणून निभावलं.

पीएचडीची नोंदणी मात्र संस्थेत नसून विद्यापीठात होते आणि हा भाग बाहेरच्यांना कळत नाही. काम एका ठिकाणी, नोंदणी दुसऱ्या ठिकाणी. जेआरएफ असल्यानं पेट या विद्यापीठाच्या पीएचडी प्रवेश परीक्षेतून सूट मिळाली, पण पात्रता प्रमाणपत्र, संशोधन आराखड्याची मंजुरी आणि गाईडचं वाटप यात २०१९ चा निम्मा भाग गेला. माझा एक अर्ज एका कार्यालयात टेबलावरून टेबलावर जाताना हरवला. पोचपावती होती म्हणून तो दुसऱ्यांदा भरून तारीख मात्र जुनीच धरली गेली. पोचपावती घेतल्याशिवाय कुठलाही कागद देऊ नका, मग समोरचे कितीही ओळखीचे असोत.

कोर्सवर्क चालू असतानाच ऑगस्ट आला. २०१९ चा तो पहिला पंधरवडा कोल्हापुरात कुणी विसरणार नाही. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद, आमच्या गावाला वेढा, आई-पप्पा म्हशी घेऊन उंचावरच्या नातेवाइकांकडे गेलेले आणि फोन बंद. मी पाषाणमध्ये स्क्रीनसमोर बसून रोजच्या पावसाचे नकाशे बघत होते. हवामान विभागाच्या वर्गीकरणात दिवसाला २०४.५ मिलिमीटर आणि त्यावरच्या पावसाला अतितीव्र म्हणतात. घाटावरच्या चौकोनांचे रंग तिथे पोचलेले. मला त्या चौकोनांतली घरं माहीत होती. संध्याकाळी गाईड सर आले, खुर्ची ओढून बसले, काही बोलले नाहीत. रात्री उशिरा चुलत्यांचा फोन लागला. सगळे सुखरूप होते, ऊस गेला होता.

पाणी उतरल्यावर घरी गेले तेव्हा गल्लीत एकच चर्चा. चुलते म्हणाले, "एवढं शिकायलीस, सांग की मग, अलमट्टी धरणानंच बुडवलं न्हवं?" मला ठाम काही बोलायचा मोह झाला, कारण सगळे माझ्याकडे बघत होते. पण निघण्याआधी सरांनी सांगितलं होतं: पुरात पाऊस असतो, धरणांचे विसर्ग असतात, नदीपात्रातली बांधकामं असतात, तुझा अभ्यास पावसाचा आहे, तेवढंच बोल. मी तेवढंच बोलले. लोकांचं समाधान झालं नाही. पुढे सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं या सगळ्या कारणांचा अभ्यास केला. संशोधकाला स्वतःच्या अभ्यासाची हद्द पाळावी लागते, आणि ती स्वतःच्या गावात, स्वतःच्या माणसांसमोर पाळणं सर्वांत कठीण असतं.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि मी वर्षभर कोल्हापुरातूनच काम केलं. आयआयटीएममध्ये २०१८ पासून ‘प्रत्युष’ हा महासंगणक होता. त्यावर घरून जॉब, म्हणजे गणनेची कामं, लावायचे आणि रांगेत नंबर येण्याची वाट बघायची. गावात इंटरनेट सारखं तुटायचं. सर्व्हरवर काम चालू ठेवून आपण बाहेर पडू शकतो, ती टीमक्स या प्रोग्रामची युक्ती पहिल्याच दिवशी शिकून घ्या. त्याच जूनमध्ये पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा भारतातल्या हवामानबदलावरचा अहवाल आला. मी तो माडीवर बसून सलग वाचला. १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं. १९५१ ते २०१५ मध्ये मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. आणि मध्य भारतात १५० मिलिमीटरच्या वरचे दिवस १९५० ते २०१५ मध्ये सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. एकूण पाऊस कमी आणि तरीही धो-धो दिवस जास्त, हे एकत्र कसं, असं गावात सगळेच विचारतात. हवा एका अंशानं तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. ते बाष्प साठत राहतं आणि जिथे वाऱ्यांचा मेळ बसतो तिथे एकदम कोसळतं. घाटावर हेच कसं घडतं, तिथे डोंगर किती भर घालतो, हा माझा पहिला प्रश्न ठरला. त्यासाठी तीन किलोमीटरच्या चौकोनांचं मॉडेल चालवलं. एवढ्या बारीक जाळीत सह्याद्री सह्याद्रीसारखा दिसतो.

स्थानिक नोंदी मिळवणं हे वेगळं काम. शिवाजीनगरला हवामान विभागाचं कार्यालय आहे, जुने पुणेकर त्याला अजून शिमला ऑफिस म्हणतात. केंद्रनिहाय डेटासाठी तिथे अर्ज, गाईडच्या सहीचं पत्र आणि डेटा दुसऱ्याला देणार नाही असं हमीपत्र दिलं. तालुक्यांचे आणि महसूल मंडळांचे आकडे कृषी विभागाकडून घेतले. त्यात शून्य म्हणजे पाऊस नाही की नोंद नाही, हे एकेक दिवस शेजारच्या केंद्रांशी ताडून ठरवलं. या कामाला कुणी शाबासकी देत नाही, पण प्रबंधाचा सगळा भार त्यावर उभा असतो.

दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे सादरीकरण असतं. इतिवृत्त लगेच स्वतः टाइप करून सह्या घ्या. नंतर सदस्य दौऱ्यावर जातात. २०२१ च्या सुरुवातीला मूल्यांकन होऊन जेआरएफवरून एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ फेलो, झाले. त्या जुलैत पुन्हा पूर आला, पाणी ५६ फुटांच्या आसपास. या वेळी घरच्यांनी सामान आधीच वर चढवलं होतं, पप्पांनी मला फोन करून विचारलं होतं, "किती दिवस पडंल?" हे सांगायचं काम अंदाज देणाऱ्यांचं आहे, मी वीस-तीस वर्षांचा कल बघते, हे त्यांना माहीत होतं. तरी विचारलं. मी हवामान विभागाचा अंदाज वाचून दाखवला.

पहिला पेपर २०२१ च्या शेवटी पाठवला. दोन समीक्षकांपैकी एकानं सहा पानी आक्षेप पाठवले. ते वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा एकेक मुद्दा वहीत उतरवला, तेव्हा कळलं की निम्मे आक्षेप रास्त आहेत आणि त्यांमुळे पेपर सुधारणार आहे. तो छापून यायला जवळपास वर्ष गेलं. खर्चाचं आधी बघा: खुल्या नियतकालिकांत काही ठिकाणी लाखाच्या वर पैसे मागतात. आम्ही लेखकाकडून शुल्क न घेणारं नियतकालिक निवडलं.

२०२३ पासून एसआरएफ ४२ हजार झाली, पण जानेवारी २०२४ मध्ये पाच वर्षं संपली आणि फेलोशिप थांबली. प्रबंध अजून लिहायचा होता. हे महिने येणार हे आधीच माहीत असतं, तरी तयारी बहुतेकांची नसते. शेवटच्या दोन वर्षांत दर महिन्याला काही रक्कम बाजूला काढली होती, त्यावर मी तगले. प्री-सबमिशन सादरीकरण, मग साम्य तपासणी, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना हे बघणं. दहा टक्क्यांच्या आत राहायला हवं, संदर्भसूची वगळून. छपाई आणि बांधणीला सहा-सात हजार गेले. २०२४ च्या उन्हाळ्यात प्रबंध जमा केला आणि बाह्य परीक्षकांच्या अहवालांची वाट बघण्यात ते वर्ष सरलं. या काळात काहीच करता येत नाही. मी दुसऱ्या पेपरवर काम केलं आणि घरी भातलावणीला गेले.

व्हायवा दोन तास चालली. प्रश्न बहुतेक माझ्या नोंदींच्या विश्वासार्हतेवर होते, म्हणजे त्या शून्यांवर. तिथे मी सर्वांत निर्धास्त होते. पप्पा मागच्या रांगेत बसले होते, धुतलेला पांढरा शर्ट घालून. इंग्रजी कळत नव्हतं, पण गगनबावड्याचा नकाशा पडद्यावर आला तेव्हा त्यांनी शेजारच्याला हातानं दाखवलं.

आता नोकरी. मी रुजू झाले तेव्हा प्रोजेक्ट सायंटिस्ट-१ ला महिना ५६ हजार आणि घरभाडं होतं; करार वर्षाचा, नूतनीकरण कामावर. कायम जागा हवामान विभाग, आयआयटीएम, नोएडाचं मध्यम पल्ल्याच्या अंदाजाचं केंद्र, हैदराबादची महासागर माहिती सेवा संस्था, गोव्याचं ध्रुवीय संशोधन केंद्र इथे निघतात, पण दरवर्षी नाही. माझे अर्ज चालू आहेत. नेट झाली नसेल तर एमएस्सीनंतर प्रोजेक्ट असोसिएट म्हणूनही शिरता येतं; नेट-गेट असली तर मानधन जास्त, वर घरभाडं. काम आवडतं का हे तिथे वर्षभरात कळतं.

आणि अर्ज भरण्याआधी एक करून बघा. हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर १९०१ पासूनचा रोजचा पाऊस पाव-पाव अंशाच्या चौकोनांत मोफत मिळतो. १६.७५ उत्तर, ७४.२५ पूर्व हा कोल्हापूरजवळचा बिंदू घ्या, जून ते सप्टेंबरची बेरीज दरवर्षीची काढा, मग ६४.५ मिलिमीटर आणि त्याहून जास्त पावसाचे दिवस मोजा आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवा. एका शनिवार-रविवारी होतं. नंतर तेच घाटातल्या चौकोनासाठी करा, पण तिथले जुने आकडे जपून वाचा: पूर्वी घाटात पर्जन्यमापकं विरळ होती आणि चौकोनातली किंमत लांबच्या केंद्रांवरून भरलेली असू शकते.